दमेकरी बालकाचे मुख : एका उपेक्षित इतिहासाची नोंद

सौंसर-पांढुर्णा परिसरातील जुन्या मराठी घराण्यांच्या स्मृतीत १९५६ हे साल खोल रुतून बसलेले आहे. देवगडचे गोंड राज्य, त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल, १८५४ पासून इंग्रजांची सत्ता आणि १८६१ नंतरचा मध्य प्रांत, एवढ्या स्थित्यंतरांतून जाताना हा मुलूख नागपूरशीच बांधलेला राहिला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. सर्पा नदीच्या काठी अर्धनारीश्वराचे मंदिर मिरवणारे मोहगाव, म्हणजेच मोहगाव हवेली, तेव्हापासून दोन राजधान्यांकडे पाहत आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी. सोयरीक आणि दवाखाना नागपूरला, कागदपत्रे भोपाळला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुक्यासह मोहगाव त्यात आले.

हा राजकीय इतिहास आपल्या वाचकांना नवा नाही. परंतु १९५६ च्याच सुमारास आणखी दोन घटना घडल्या, ज्यांची नोंद आपल्या घराण्यांच्या बखरीत सापडणार नाही. पुण्याच्या परिसरात उगवलेल्या एका परक्या तणाकडे वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष गेले आणि त्यावरील टिपण १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत, हाताच्या मुठीत मावेल असा, दम्याचे औषध फवारणारा पहिला पंप बाजारात आला. तण म्हणजे आपले गाजरगवत. पंप म्हणजे आज घरोघरी ज्याला इन्हेलर म्हणतात तो. या दोहोंचा प्रवास अखेर एकाच ठिकाणी येऊन मिळतो आणि ते ठिकाण म्हणजे दम्याने वा ॲलर्जीने गांजलेल्या लहान मुलाचे तोंड. दम्याच्या इतिहासात छातीवर पुष्कळ लिहिले गेले, नाकावर थोडे आणि तोंडावर जवळजवळ काहीच नाही. वास्तविक दम्याचे औषध हजारो वर्षे तोंडावाटेच आत गेले आहे. प्रस्तुत लेखात त्या तोंडाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभ प्राचीन वैद्यकापासून करणे युक्त ठरेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सतराव्या अध्यायात हिक्का आणि श्वास यांचा विचार एकत्र केलेला आहे. महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे श्वासाचे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत. त्यांपैकी तमकश्वास हा आजच्या दम्याच्या सर्वांत जवळचा. त्याच्या वर्णनात तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, वायू उलट दिशेने फिरून आधी पीनस, म्हणजे नाकाचे चोंदणे व वाहणे, उत्पन्न करतो आणि मग घरघर सुरू होते. म्हणजे नाक आणि छाती यांचे नाते ग्रंथकर्त्याच्या ध्यानात आले होते. दुसरी, ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी व्याधी बळावते. तिसरी, आणि आपल्या विषयाची, रोग्याचे तोंड कोरडे पडते.

मुखशोषाचे हे निरीक्षण अचूक होते. परंतु त्यापुढे धागा सुटला. श्वासाचा विचार कायचिकित्सेत झाला, तर दात, हिरड्या, जिव्हा, टाळू यांचे रोग शालाक्यतंत्राच्या वाट्याला गेले. कोरडे पडलेले तोंड पुढे दातांचे काय करते, हा प्रश्न दोन शास्त्रांच्या बांधावर पडून राहिला. आजही दम्याचे मूल बालरोगतज्ज्ञाकडे जाते, किडलेली दाढ दंतवैद्याकडे जाते, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच घरात असूनही एकमेकींना भेटत नाहीत. ही वाटणी आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे.

घरगुती उपचारांची परंपरा पाहिली तर तोंडाचा संबंध अधिक ठळक होतो. खोकला, धाप, छातीतील घरघर यांवर आपल्याकडे चाटण देण्याची रीत आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध सितोपलादी चूर्ण. त्याचे प्रमाण पाठ असणारी वडीलधारी माणसे अजून भेटतात : खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १. एकूण ३१ भागांत १६ भाग साखर, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. आणि ते द्यावयाचे मधातून. अडुळशाच्या अवलेहातही साखर असतेच. अडुळशाचा गुण मात्र खोटा नव्हता. त्यातील वासिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध १९६० च्या दशकात पुढे आले. औषध कडू, म्हणून लहान मुलाला ते गोड करून द्यायचे, यात वात्सल्यच होते. पण चाटण बहुधा रात्री झोपताना दिले जाई. मूल ते चाटत झोपी जाई आणि साखर रात्रभर दातांच्या सांदीत राही. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, हे त्या काळी कोणाच्या घरी ठाऊक असणार? दातांच्या किडीमागे साखरेपासून आम्ल बनवणारे तोंडातील जंतू असतात, हे विलोबी मिलर यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून मांडले. त्याआधी जगात अनेक ठिकाणी 'दातातला किडा' ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती आणि आपल्या भाषेत ती 'कीड लागणे' या शब्दप्रयोगात अजून टिकून आहे.

कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात अनेक ठिकाणी आहे. हैदराबादेत मृग नक्षत्राच्या सुमारास बत्तिनी गौड कुटुंबाकडून जिवंत लहान मरळ माशाच्या तोंडात औषध भरून तो गिळावयास दिला जातो. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचे ते कुटुंब सांगते. दोन्ही प्रथांच्या गुणावगुणांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. दोन्ही ऋतुसंधीच्या आहेत, दोहोंतही श्रद्धेने रांगेत उभी राहिलेली आईबापांची हतबलता आहे आणि दोहोंतही औषधाचा मार्ग मुख हाच आहे, एवढेच नोंदवायचे.

धूम्रपानाची कथा याहून विलक्षण आहे. औषधी धूर ओढण्याचा विधी आपल्या प्राचीन वैद्यकात आहेच. दक्षिणेत दम्यासाठी धोत्र्याचा धूर ओढण्याची रीत होती. ती मद्रासेतील इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिली आणि जनरल जेंट यांनी १८०२ साली ती ब्रिटनमध्ये नेली. पुढे शंभरावर वर्षे युरोप-अमेरिकेत धोत्र्याच्या जातीच्या पानांच्या 'दमा सिगारेटी' औषधाच्या दुकानात विकल्या जात होत्या आणि त्या मुलांनाही दिल्या जात. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट, जन्म १८५८, यांना बालपणी दम्याच्या झटक्यात कडक कॉफी पाजली जाई आणि सिगार ओढायला लावली जाई. धोत्र्यातील द्रव्य श्वासनलिका सैल करते हे खरेच. पण तेच द्रव्य लाळ आटवते. ज्या तोंडाला दम्याने आधीच कोरड पडली आहे, त्याला औषधाने आणखी कोरडे करायचे, हा पेच तेव्हापासूनचा आहे. श्वास आधी, तोंड नंतर, असा तो हिशेब होता. आणि प्राण कंठाशी आलेले मूल समोर असताना दुसरा हिशेब कोणी केला नसता.

आता ॲलर्जीकडे वळू. हा शब्द फार जुना नाही. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली घडविला. निरुपद्रवी वस्तूशीही शरीराने शत्रूसारखे वागणे, असा त्याचा आज रूढ झालेला अर्थ. शब्द नवा असला तरी अनुभव जुना होता. मळणीच्या दिवसांत शिंकांनी बेजार होणारा, कापसाच्या गंजीजवळ धाप लागणारा, नव्या गहू-ज्वारीच्या पोत्यापाशी डोळे चोळणारा माणूस प्रत्येक गावाला माहीत होता. कापूस, ज्वारी आणि संत्री पिकवणाऱ्या आपल्या पट्ट्यात तर धूळ, कोंडा आणि चुलीचा धूर यांच्यातच बालपण जाई.

त्यात १९५६ नंतर गाजरगवताची भर पडली. हे तण अमेरिका खंडातले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' हे नाव दिले, ते या आयातीच्या काळाची खूण म्हणूनही सांगितले जाते. काही दशकांत पडीक रान, रेल्वेचे रूळ, शेताचे बांध, शाळेचे मैदान असा त्याचा विस्तार देशभर झाला. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज व पुरळ येते आणि परागांनी अनेकांचे नाक वाहू लागते. या तणाच्या निर्मूलनाचा अभ्यास आपल्याच प्रदेशात, जबलपूर येथील तणसंशोधन संस्थेत होतो. हा संशोधनाचा विषय ठरला, पण मुलाच्या वाढत्या जबड्याशी त्याचा काही संबंध असेल असे कोणाच्या मनात येणे अवघडच होते.

तो संबंध असा. नाक सतत चोंदलेले असले की मूल तोंडाने श्वास घेते. तोंड उघडे राहिले की जीभ टाळूवरची आपली जागा सोडून खाली पडते. वाढीच्या वयात वरचा जबडा रुंद होण्यास जिभेचा आतून मिळणारा आधार उपयोगी पडतो. तो सुटला आणि गालांचा बाहेरून दाब चालू राहिला, की टाळू अरुंद व उंच होऊ लागते, दातांची गर्दी होते, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसू लागतात आणि चेहरा लांबट दिसू लागतो. समोरच्या हिरड्या वाऱ्याने सुकून लाल होतात व सुजतात. प्रत्येक मुलात असे घडतेच असे नाही. आनुवंशिकताही मोठी असते. नाकामागील वाढलेल्या गाठींमुळे होणारा त्रास कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ साली दाखवून दिला. त्याच्या थोडे आधी, १८६२ मध्ये, अमेरिकन चित्रकार जॉर्ज कॅटलिन यांनी तोंडाने श्वास घेण्याच्या सवयीविरुद्ध एक पुस्तकच लिहिले. तेथील मूलनिवासी मातांनी झोपलेल्या बाळाचे ओठ मिटून ठेवताना त्यांनी पाहिले होते. आपल्याकडेही 'तोंड मीट' असे मुलाला सांगणारी आजी असतेच. ती ते शिस्तीसाठी सांगत असली तरी सल्ला वावगा नव्हता. मात्र ज्याचे नाकच बंद आहे, त्याला तोंड मिटायला सांगून भागत नाही. आधी नाक मोकळे करावे लागते. नाकाची ॲलर्जी आणि दमा हे एकाच श्वासमार्गाचे दोन विकार आहेत, ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २००१ मध्ये तज्ज्ञांनी सविस्तर मांडली. चरकाच्या पीनस आणि घरघर यांच्या जोडीची येथे आठवण होते.

पंपाचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी कन्येने विचारले, की केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यातून का येत नाही? १९५६ साली तसा डबा आला. पुढे १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका सैल करणारे औषध आणि १९७२ मध्ये ओढून घ्यायचे पहिले स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, ब्रिटनमध्ये वापरात आले. पैकी दुसऱ्या औषधाने दम्याचा इतिहास पालटला. झटका आल्यावर धावाधाव करण्याऐवजी झटकाच येऊ नये यासाठी रोज अल्प मात्रा घेता येऊ लागली. भारतात १९७० च्या दशकात सिप्ला या मुंबईच्या कंपनीने दम्याचे फवारे बनवायला आरंभ केला आणि हळूहळू नागपूरच्या दवाखान्यांतून ते आपल्या गावांपर्यंत आले.

पंपातून निघालेल्या औषधाचा मोठा भाग फुप्फुसात न जाता तोंडात व घशात चिकटतो. साल्ब्युटामॉलसारख्या औषधांनी लाळ कमी होऊ शकते. स्टेरॉइडच्या अवशेषाने जिभेवर, टाळूवर कँडिडा या बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात. काही कोरड्या भुकट्या आम्लधर्मी असतात आणि त्यांत दुधातील शर्करा मिसळलेली असते. लाळ ही तोंडाची स्वतःची नदी. ती आम्ल धुते, दातांना खनिजे परत देते. तोंडातील आम्लता ५.५ या अंकाच्या खाली उतरली की दाताचे कठीण कवच विरघळू लागते. लाळ आटली, तोंड उघडे राहिले, रात्री तहान लागली म्हणून गोड पेय दिले, खोकल्याचे औषध पाकातले निघाले, अशी कारणे एकावर एक चढतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या फिनिश संशोधकांच्या लेखात दमेकरी व्यक्तींमध्ये दात किडण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. दुधाच्या दातांतही आणि कायमच्या दातांतही. त्यात रोगाचा वाटा किती, औषधाचा किती आणि आहाराचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण संबंध आहे, एवढे मानण्यास तो पुरेसा आधार आहे.

आपल्या मुलांची छाती जगाच्या नकाशावर आली ती १९९८ मध्ये. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ५६ देशांतील १५५ केंद्रांमधून तेरा-चौदा वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांना घरघर, शिंका, खाज यांविषयी विचारले गेले. भारतीय केंद्रांत मुंबई-पुण्याबरोबर आपल्या वऱ्हाडातील अकोलाही होते. इतक्या मोठ्या प्रश्नावलीचा रोख मात्र दमा, नाक आणि त्वचा एवढ्यावरच होता. दातांचा प्रश्न तेथेही बांधाबाहेरच राहिला.

येथे या लेखातील खरी काळजी सांगणे आवश्यक आहे. 'पंप एकदा लागला की सुटत नाही' ही समजूत आपल्या समाजात खोल आहे. मुलीच्या बाबतीत तर तिचे लग्न जमताना अडचण येईल म्हणून पंप लपवला जातो. अशा घरात मुलाच्या जिभेवर पांढरे चट्टे दिसले, किंवा दंतवैद्याने 'औषधांमुळेही असे होते' असे म्हटले, की पंप बंद करण्याला आयतेच कारण मिळते. ही गोष्ट प्राणावर बेतू शकते. किडलेला दात भरता येतो, चट्टे औषधाने जातात. न दिलेल्या औषधामुळे आलेला दम्याचा तीव्र झटका प्रत्येक वेळी परतवता येतोच असे नाही. मोहगावाहून मोठे रुग्णालय गाठायला रात्री किती वेळ लागतो, हे तेथील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. म्हणून मुखाची चिंता वाहणाऱ्याने पहिले वाक्य हेच उच्चारले पाहिजे, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप थांबवू नये.

उपाय साधे आहेत. पंप शक्यतो मधल्या नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून, द्यावा. तोंडात चिकटणारे औषध त्याने पुष्कळ कमी होते. औषध घेतल्यावर पाण्याने चूळ भरून पाणी थुंकावे. चूळ भरता न येणाऱ्या बाळाला पाणी पाजावे आणि मुखवट्याने औषध दिले असेल तर त्याचा चेहरा पुसावा. सकाळ-संध्याकाळचा पंप दात घासण्याआधी घेण्याची सवय लावावी. रात्री पाण्याखेरीज काही देऊ नये. वर्षातून दोनदा दंतवैद्याला दाखवावे आणि तेथे दम्याची औषधे न लपवता सांगावीत. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आयुर्वेदातही कवल आणि गंडूष असे मुखशुद्धीचे विधी आहेत. ते दम्याच्या फवाऱ्यासाठी निर्माण झालेले नव्हते, म्हणून 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह टाळावा. पण अंगवळणी पडलेली रीत नव्या कामाला लावता येते, हेही खरेच.

संस्थात्मक बाजूही पाहण्यासारखी आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे आणि शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चे; म्हणजे आपला जिल्हा राज्याच्या सीमेपलीकडे राहिल्यानंतर दंतचिकित्सेची ती सोय नागपुरात उभी राहिली आणि तरीही आपली माणसे तिकडेच जात राहिली. छिंदवाड्याला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१९ मध्ये. दरम्यान, फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. शाळा आणि अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीच्या त्या यादीत तीस व्याधी आहेत. त्यांत श्वासनलिकेच्या आकुंचनाचा विकार आहे आणि दातांचे विकारही आहेत. चरकाच्या काळापासून दोन शास्त्रांत विभागलेले हे दोन प्रश्न येथे एका कागदावर आले. मात्र कागदावर शेजारी असलेल्या त्या दोन ओळींचा परस्परसंबंध तपासणाऱ्याने, शिक्षकाने आणि पालकाने जोडायचा आहे. घरघरीच्या रकान्यात खूण झाली, की त्या मुलाचे तोंडही उघडून पाहावे, एवढीच अपेक्षा.

आपल्या घराण्यांच्या इतिहासात सनदा, वतने, विहिरी, देवळे आणि स्थलांतरे यांच्या नोंदी असतात. कोणत्या पिढीत कोणाला दमा होता, कोणती औषधे दिली, कोणाचे दात लवकर गेले, हे कोणी लिहून ठेवत नाही. आजीच्या निधनाबरोबर ती माहिती जाते. दमा आणि ॲलर्जी यांची प्रवृत्ती कुळात चालत येत असल्याने अशी नोंद नातवंडांच्या डॉक्टरला उपयोगी पडणारी आहे. घरातील वंशावळीच्या वहीत, नावांच्या समोर, एवढा एक रकाना वाढवावा, अशी सूचना या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.